चांगुणाबाईंचं दुसरं पान

लता : हे वाक्य मी काढते, आई. निबंधात कांदा बोलत नाही.

चांगुणा : कुठं लिहिलंय तसं?

लता : लिहिलेलं नसतं. मी सात वर्षं नाशिक रोडला मराठी शिकवते. मला माहीत आहे ना.

चांगुणा : मी वीस वर्षं लासलगावच्या खळ्यात कांदा निवडते. मलाबी थोडं माहीत हाय.

रंगूबाई : दे आता उत्तर, मास्तरीनबाई. आईनं गाठलं का नाय?

लता : रंगूमावशी, तुमचा चहा निवतोय.

रंगूबाई : निवू दे. मी चहाला नाय आले, ही गंमत बघाया आले. साऱ्या खळ्यात एकच बोलनं हे आज. चार वाजता समाजमंदिरात चांगुना वाचनार, आन नाशिकचा शिक्षनाचा सायेब खुर्चीत बसून ऐकनार. बाया अर्धा दिस काम टाकून येनारेत. मुकादम म्हनला, कांदा कोन निवडील? म्या म्हनलं, तूच निवड, लय दिस झाले तुझा हात लागून.

लता : म्हणून तर म्हणते, साहेबांपुढं नीट काही असावं. प्रौढ वर्गाचा पहिला निबंध आहे. ऐक, तू काय लिहिलंयस. "यश. खळ्यात आम्ही कांदा निवडतो. मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी. ज्याला मधून दांडा फुटला, तो डेंगळा. व्यापारी म्हणतो, डेंगळा फेका, त्याच्या पोटात लाकूड झालं. पण कांद्याला विचारलं तर कांदा म्हणेल, मला फूल आलं, मी पोचलो."

चांगुणा : चुकलं काय त्यात?

लता : शुद्धलेखन तर सोडच. पण यशावर लिहायला सांगितलं की थोरामोठ्यांची उदाहरणं द्यायची. सुरुवात कशी हवी, सांगू? "यश ही जीवनाची गुरुकिल्ली आहे."

चांगुणा : कोणाच्या कुलपाची?

लता : आई.

चांगुणा : नाय, खरंच विचारते. बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, यश आणि निरोप. म्हणाल्या, जे बघितलं ते लिहा. किल्ली मी बघितली नाय. डेंगळा बघितला. वीस वर्षं माझ्या हातानं फेकला. आणि पुढच्या सालाचं बी कुठून येतं गं? दांड्याच्या बोंडातूनच. ज्याला आपण वाया गेला म्हणतो, त्याच्यामागं नवा कांदा उभा राहतो. हे मला लिहिता लिहिता कळलं. निवडताना नव्हतं कळलं.

लता : थांब, ते परत वाचू दे.

रंगूबाई : बोल की. का तुझ्याबी पोटात लाकूड झालं?

लता : नाही, मावशी. मी विचार करतेय. माझ्या सातवीतल्या एकाही मुलानं असं लिहिलं नसतं.

चांगुणा : मग राहू दे ते वाक्य?

लता : राहू दे. फक्त "व्यापारी"ला य जोडायचा राहिलाय. तेवढा जोडते.

चांगुणा : जोड. तेवढं चालंल.

लता : आता दुसरं पान दे. निरोपाचं.

चांगुणा : ते नको.

लता : का?

चांगुणा : ते तिथं ऐक. चार वाजता.

लता : आई, मी तिथं कशी असेन? सकाळी आल्या आल्याच सांगितलं तुला. तीन-दहाची पॅसेंजर धरायची आहे. उद्या शाळेत तपासणी आहे, वह्या लावायच्यात, तक्ते टांगायचेत. दोन वाजून गेले.

चांगुणा : दोन वाजून वीस मिनिटं झाली. नीघ मग. तुला धरलंय कोणी?

लता : बघा, मावशी. अशी बोलते. धरलंय कोणी म्हणे.

रंगूबाई : लते, तुला सांगू का? ही आठ दिसांपासून मला सांगती, लता येनार, लता पुढं बसनार, लता ऐकनार.

चांगुणा : रंगू, गप.

रंगूबाई : गप कशापायी? कालच्याला लुगडं धुवून घडी घातली, इस्त्रीला तांब्यात इस्तू घालून फिरीवला. सायबासाठी फिरीवला व्हय? सायबाला काय पडलंय तुझ्या लुगड्याचं? हिला तू पायजेल तिथं, पोरी. पन तोंडानं म्हनायची नाय. तोंडानं म्हनली तर हिचं नाव चांगुना नाय.

लता : खरं का, आई?

चांगुणा : तुझी तपासणी हाय. सरकारी काम हाय. मी कशाला मधी येऊ?

लता : तू कधीच मध्ये येत नाहीस. तेच तर.

चांगुणा : म्हणजे?

लता : काही नाही.

चांगुणा : निघालंय तर बोल. पोटात घेऊन गाडीत बसू नको.

लता : बरं, बोलते. त्र्याहत्तर साली मी डी.एड.ला निघाले. आपल्या वस्तीतली पहिली मुलगी. वाल्मीकमामा पेटी घेऊन सोबत निघाला, वर्गातल्या मुली आल्या, हेडमास्तर आले. गाडी येईपर्यंत मी फाटकाकडं बघत होते. तू आली नाहीस. मामा म्हणाला, आईनं खाडा पाडला नसेल, रोज बुडेल म्हणून. मी म्हटलं, असू दे. वडील गेल्यावर तिनंच घर ओढलं. एका दिवसाची मजुरी म्हणजे काय, ते मला कळत होतं. पण मला वाटलं होतं, त्या एका दिवशी तरी तू येशील.

चांगुणा : नऊ वर्षं ठेवलंस हे?

लता : विचारलं होतं मी. दिवाळीला आले तेव्हा विचारलं. तू म्हणालीस, काम होतं.

चांगुणा : म्हणाले.

रंगूबाई : चांगुने, आता तरी सांग. का मी सांगू? मी त्या दिशी हिच्या मांडीला मांडी लावून बसले व्हते, लते. हिनं माझ्याकडनं वचन घेतलं, बोलू नको. नऊ वरसं मी त्वांड शिवून बसले. मी. रंगूबाई. साऱ्या खळ्यात कोनाचा इश्वास बसनार नाय.

लता : काय सांगायचं आहे?

चांगुणा : सांगून नाय जमणार. लिहिलंय म्हणून वाचता येईल. चार वाजता वाचणारच होते, तू असतीस तर तिथंच ऐकलं असतंस. ऐक मग. मधी बोलू नको. मधी बोललीस तर माझी ओळ चुकती.

(चांगुणा पदरानं चष्मा पुसते, वहीचं पान उलटते, आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचू लागते.)

चांगुणा : "निरोप. माझी लेक शिकायला नाशिकला गेली, तेव्हा मी स्टेशनवर नव्हते. लोक म्हणाले, चांगुणानं खाडा पडू दिला नाही. लेकीलाही तेच वाटलं. मी बोलले नाही. आज खरं लिहिते. मला घड्याळ कळत नव्हतं.

"आम्हा खळ्यातल्या बायांचं घड्याळ म्हणजे कांद्याच्या बैलगाड्या. बाजारात लिलाव सुटला की गाड्या खळ्यात रिकाम्या व्हायला येतात. दुसऱ्या खेपेच्या गाड्या लागल्या की समजायचं, आता तासाभरानं नाशिकची गाडी. वर्षानुवर्षं असंच. मी सकाळीच मुकादमाला सांगितलं होतं, दुसरी खेप आली की मी उठणार. नवं लुगडं नेसून कामावर बसले होते. मांडीवर पोतं घेतलं होतं, लुगड्याला धूळ नको म्हणून.

"त्या दिवशी बाजारात आवक फार होती. लिलाव लांबला. पहिली खेप आली नाही तर दुसरी कुठून येणार? मी निवडत बसले. खळ्याच्या भिंतीवर घड्याळ होतं, मुनीमजींच्या डोक्यावर. मी त्याच्याकडं चारदा बघितलं. दोन काटे दिसत होते. ते काय म्हणतात, ते कळत नव्हतं."

लता : विचारायचं ना कोणाला. मुनीमजींना...

चांगुणा : मधी बोलू नको म्हटलं ना. तेच पुढं हाय. "कोणाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण सकाळपासून मी सगळ्या खळ्याला सांगत होते, माझी लेक मॅट्रिक झाली, आता मास्तरीण होणार. मुनीमजींनाही सांगितलं होतं, दोनदा. मग त्यांच्यापुढं उभी राहून, वाजले किती, असं कसं विचारू? मॅट्रिक पोरीच्या आईला घड्याळ कळत नाही, असं म्हणाले असते. मी विचारलं नाही.

"पहिली बैलगाडी खळ्यात शिरली, आणि तिकडं आगगाडीनं भोंगा दिला. मी पळाले. मी पोचले तेव्हा फलाट रिकामा होता, झाडणारा झाडत होता. तो म्हणाला, बाई, बाजूला व्हा. मी बाजूला झाले. रूळ कुठवर दिसतात ते बघितलं आणि परत येऊन कांदे निवडले.

"लेकीला काम होतं म्हणून सांगितलं. आई कठोर आहे असं तिला वाटलं तरी चालेल, आई अडाणी आहे म्हणून तिनं मान खाली घालायला नको. पण त्या दिवशी निवडता निवडता मी म्हटलं,

लेक निघाली निघाली, तिला नाही गं सासर,
पाटी-पुस्तकाच्या गावा तिनं बांधलं माहेर."

रंगूबाई : त्या दिशी कांदे निवडता निवडता म्हनली व्हती ही ववी. जातं गेलं, गिरनी आली, पन हिची ववी काय जाईना. दुसऱ्या दिशी म्या म्हनलं, परत म्हन, तर म्हनती, इसरले.

चांगुणा : विसरले नव्हते. थोडंच राहिलंय. "गेल्या साली वस्तीत वर्ग निघाला. मी बाईंना म्हणाले, अक्षरं मागून, आधी घड्याळ शिकवा. त्यांनी पुठ्ठ्याचं घड्याळ केलं, काटे टाचणीनं लावले. आठ दिवसांत मला वेळ कळली. मग वाटलं, एवढं आलं तर पुढचंही येईल. आता खळ्यात बाया मला विचारतात, चांगुणा, वाजले किती. मी भिंतीकडं बघते आणि सांगते. मुनीमजीसुद्धा ऐकतात. निरोप द्यायला माणसाला वेळेवर पोचावं लागतं. मी नऊ वर्षं उशिरा पोचले. पण पोचले." संपलं.

रंगूबाई : मीबी इचारते तिला, वाजले किती. रोज इचारते. मला ठावं असलं तरी इचारते. ती मान वर करून सांगती ना, ते बघाया.

चांगुणा : तुला कुठून ठावं असतंय?

रंगूबाई : माझं पोट सांगतंय. तुझ्या घड्याळाच्या आधी सांगतंय.

चांगुणा : तीन दिवस वर्गात आली आणि पळाली. आता पोट सांगतंय म्हणे. लते... काय झालं? चुका लय हायेत का?

लता : नाहीत.

चांगुणा : फलाटला ट का ठ, ते मला...

लता : बरोबर आहे, आई. सगळं बरोबर आहे.

चांगुणा : मग रडती कशाला?

लता : गाडी सुटल्यावर मी दारात उभी होते. मामा म्हणत होता, आत बस, पडशील. मी म्हटलं, येईल ती, पळत येईल, मला माहीत आहे. सिग्नल गेला, मळे गेले, तरी उभी होते. मग मी दार सोडलं. थोडं आणखी उभी राहिले असते तर...

चांगुणा : तरी दिसले नसते. लय लांब गेली होती गाडी.

लता : नवं लुगडं कुठलं होतं?

चांगुणा : हिरवं. तुझ्या मामानं घेतलेलं.

लता : मी बघितलंच नाही ते कधी नेसलेलं.

चांगुणा : तू निघालीस, मग कोणासाठी नेसायचं? दोन सालांनी त्याची गोधडी शिवली. तीच तू नाशिकला नेलीस की.

लता : ती? ती अजून आहे माझ्याकडं. हिवाळ्यात तीच घेते.

रंगूबाई : घ्या. म्हंजे लुगडं पोचलं व्हतं. बाईच तेवढी मागं राहिली.

लता : आई, हे साहेबांपुढं वाचणार तू? सगळ्या खळ्यापुढं? मुनीमजीपण असतील.

चांगुणा : असतील. त्यांना बोलावणं धाडलंय. का, तुला कमीपणा वाटतो?

लता : मला? मी माझ्या मुलांना हा निबंध वाचून दाखवणार आहे. हेडबाईंनाही. तपासणीच्या साहेबांना ऐकायचा असेल तर त्यांनाही. तुला लाज वाटेल का, म्हणून विचारलं.

चांगुणा : लाज तेव्हा वाटली, तिच्यापायी तर गाडी चुकली. आता नाय वाटत. मी लिहिलंय ते. माझ्या अक्षरात हाय.

लता : मग ऐक. मी उद्या सकाळच्या गाडीनं जाते. स्टेशनवरून थेट शाळेत. तक्ते उशिरा लागले तर लागले.

चांगुणा : हेडबाई रागावतील.

लता : रागावू दे. कारण लिहून देईन.

चांगुणा : काय लिहिशील?

लता : आईचा निबंध होता.

रंगूबाई : लय झाक. चला गं, मी पुढं व्हते. बाया आल्या की पाय ठेवाया जागा राहायची नाय. चांगुने, लताला कुठं बसवू? सायबाच्या शेजारी खुर्ची मागू का?

चांगुणा : खुर्ची नको. खालीच बसव, सतरंजीवर. वहीतनं मान वर केली की मला दिसंल, अशी.