ज्याचं खरंच हरवलं असा माणूस

…आणि वर मलाच विचारतात, "तुझी काही हरकत नाही ना?" हरकत! तुम्हाला सांगतो, माणसानं एक वेळ कासेलच्या स्टेशनावर बायकोला विसरून यावं, पण बॅकअप बनवणाऱ्या स्वयंसेवकांकडे तक्रार म्हणून करू नये. अहो, दोन ओळींची तक्रार होती माझी! सभ्य, सही-बिही करून लिहिलेली!

झालं काय, आमची गेझीने, म्हणजे बायको, बागवाडीची, लोकांनी हौसेनं भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या वाफ्यांच्या वाडीची, अध्यक्षा. बागवाडीला शंभर वर्षं होणार, म्हणून तिनं वाडीचा इतिहास लिहायला घेतला. कोणाचा वाफा कोणाकडून कोणाकडे गेला, कुंपणाच्या उंचीवरून कोणी कोणाशी बोलणं टाकलं, कोणाचा भोपळा कोणी पळवला… दहा-अकरा वर्षं लिहीत होती! एवढ्या काळात लोक राज्यं उभी करतात आणि बुडवतात! मग गुडघ्यांसाठी डॉक्टरनं तिला धाडलं समुद्राकाठी, तीन आठवडे गरम चिखलात बसायला. रविवारी ती परत येणार, सोमवारी इतिहास छापखान्यात जाणार, आणि त्याच्या आधीच्या बुधवारी… संगणकाची डिस्क गेली. खर्रर्र, एकदा उचकी, आणि शांत.

मी घाबरलो का? छे! आमच्याकडे हॅमस्टर होता. म्हणजे गालात दाणे कोंबणारा तो प्राणी नव्हे, त्या नावाचा बॅकअप. फुकट मिळतो, जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवतात, आणि रोज रात्री गेझीनेचा इतिहास उचलून संगणकाला जोडलेल्या वेगळ्या पेटीत ठेवतो. मी नवी डिस्क बसवली, ऐटीत 'परत आणा' दाबलं, पडद्यावरचा हॅमस्टर चाकात पळाला, पळाला, पळाला… आणि खाली अक्षरं उमटली, 'काम यशस्वी. परत आलेल्या फाइली: शून्य.'

यशस्वी! शून्य! आता सांगा, लिहिणार की नाही माणूस तक्रार?

पाच मिनिटांत उत्तर. ऑर्टविन म्हणून कोणी, बीलेफेल्डचा, हॅमस्टरचा मुख्य कारभारी. एकदम अरे-तुरे! शेजारच्या बाईंना मी वीस वर्षं अहो-जाहो करतोय, आणि हा म्हणतो, "वा फोल्कर्ट, बरं झालं पाहिलंस! पण ही तक्रार नीट मांडलेली नाही. कशी मांडायची ते माहितीपानावर आहे." मी म्हटलं, माहितीपान चुकलंय, त्यात बटण डावीकडे दाखवलंय, ते आहे उजवीकडे. तर म्हणतो, "तूच पाहिलंस ना? मग तूच कर!"

केलं. करतोय काय! बायको रविवारी येतेय! पान दुरुस्त केलं, तर मेश्टहिल्ड नावाच्या बाई अवतरल्या. "छान झालंय रे, पण जर्मनमध्ये अजून नीट वाचता येत नाही." म्हटलं, खरंय बाई, वाक्य सुरू होतं तेव्हा मी तरुण होतो, क्रियापद येईपर्यंत केस पिकले. "तूच पाहिलंस ना? मग तूच कर!" केलं भाषांतर. मग कोणी नवखा विचारत होता, पेटी कुठे लावायची, त्याला कोणी उत्तर देईना. मी नुसतं म्हटलं, अरे, द्या कोणीतरी उत्तर बिचाऱ्याला… हो, बरोब्बर! तूच पाहिलंस ना? गुरुवार संपेपर्यंत मी ब्राझीलच्या एका दंतवैद्याचा सल्लागार झालो होतो हो! आणि माझा इतिहास? शून्य!

शुक्रवारी डोकं फिरलं. फोनच लावला ऑर्टविनला. "अरे बाबा, माझी डिस्क मेलीये! बायकोचं सगळं लिखाण गेलंय! खरंच गेलंय!"

पलीकडे खुर्ची सरकली.

"खरंच?" तो हळूच म्हणाला. "म्हणजे… खरोखर हरवलंय? चाचणीसाठी नाही?"

"खरोखर!"

"फोल्कर्ट," तो आणखी हळू म्हणाला, "कशाला हात लावू नकोस. आम्ही येतोय."

आणि शनिवारी आले! ऑर्टविन, मेश्टहिल्डबाई, आणखी पाच-सहा जण, कोणी बटाट्याची कोशिंबीर घेऊन, कोणी आलुबुखाऱ्याचा केक घेऊन. दारात बूट काढून, देवघरात शिरावं तसे आत आले आणि माझ्या मेलेल्या डिस्कभोवती उभे राहिले. मेश्टहिल्डबाईंनी तर चष्मा पुसला. तेव्हा मला कळलं. ही जगातली इतकी सावध माणसं, की एकाचंही, कधीही, काहीही हरवलेलं नव्हतं! प्रत्येकाकडे पाच-पाच प्रती, एक तर मावशीच्या तळघरात. 'परत आणा'ची चाचणी व्हायची, नाही असं नाही, पण मूळ डिस्क जिवंत ठेवून! सावधगिरी म्हणून! आणि हॅमस्टर बिचारा आधी त्या मूळ डिस्कलाच विचारायचा, बाई गं, काय काय परत आणू? माझी डिस्क मेलेली, ती काय सांगणार? तिनं काही मागितलं नाही, यानं काही आणलं नाही. काम यशस्वी!

बसले दुरुस्तीला. रात्रभर कोशिंबीर, सकाळी केक, रविवारी दुपारी ऑर्टविननं बटण दाबलं. पळाला हॅमस्टर… आणि आला हो! भोपळ्यासकट, कुंपणासकट, पानन् पान आलं! मेश्टहिल्डबाई मला मिठी मारून रडल्या. मी पण जरासा… जाऊ द्या.

डोळे पुसतोय तोवर ऑर्टविन म्हणतो, "पण एकदा चाललं म्हणजे चाललं असं नाही. फोल्कर्ट, तुझी काही हरकत नाही ना? पुन्हा एकदा हरव."

आणि नेमकी तेव्हाच दारात गेझीने. हातात बॅग, समोर सात परकी माणसं मोज्यांवर, केकचे तुकडे, आणि ऑर्टविनचं ते वाक्य ऐकलेलं. मी म्हटलं, संपलं. तुम्हाला सांगतो, आता चिखलात बसायची पाळी माझी.

तिनं बॅग ठेवली. सगळं ऐकून घेतलं. पडद्याजवळ गेली, आपला इतिहास पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरकवून पाहिला, मग ऑर्टविनकडे वळली.

"याला हरवायला सांगताय?" ती म्हणाली. "यानं आजवर हरवल्यात माझ्या चार छत्र्या, गाडीची किल्ली, आणि एकदा लग्नाच्या गर्दीत माझी आई. अहो, एवढा अनुभवी माणूस तुम्हाला सापडायचा नाही!" आणि इतिहासाच्या दोन प्रती काढून, एक पर्समध्ये टाकून, अंघोळीला गेली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी डिस्क मारतो. कधी पाण्यात, कधी हातोडीनं, एकदा वाडीतल्या शेजाऱ्याच्या बकरीकडून. हॅमस्टर सुधारत चाललाय म्हणतात, ब्राझीलचा दंतवैद्यही खूष आहे. नवी आवृत्ती आली की सगळ्यांची नावं छापतात, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं योगदान. ऑर्टविन : रचना. मेश्टहिल्ड : भाषांतर. मी म्हटलं, माझ्या नावापुढे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

…हो. तूच पाहिलंस ना, मग तूच कर.

लिहिलं. फोल्कर्ट : नुकसान.