डावीकडे ओढणारं विमान

...आणि वर पुन्हा लोक मलाच विचारतात, धोंडीराम, तुम्ही तक्रार का नाही केली? अहो, कुठे करायची? वहीत? ती वही बघितली होती का कुणी? आमच्या विमानशिक्षण केंद्रात, इथेच, गंगापूर रोडच्या पुढे ती पत्र्याची शेड होती बघा, तिच्या दाराला सुतळीने बांधलेली तक्रारवही, आणि आठ वर्षं त्या वहीत तक्रार एकच, अक्षर तेवढं वेगवेगळं... 'यंत्र डावीकडे ओढते.' खाली साहेबांचा लाल शेरा, 'नोंद घेतली.' पुढच्या पानावर, 'यंत्र अजूनही डावीकडे ओढते.' 'नोंद घेतली.' वही संपली, नवी वही आली, तिला नवी सुतळी आली, यंत्र डावीकडे ते डावीकडेच. तुम्हाला सांगतो, तक्रार करणाऱ्यातला माणूस नाही मी. हातात पाना घेऊन वाकणाऱ्यातला. तिथेच तर घोळ झाला.

आता यंत्र म्हणजे काय, तर खोटं विमान. जमिनीवरून वीतभरसुद्धा न हलणारं. एक लाकडी खोकं, माणूस आत बसला की वरून झाकण, बाहेरचं काही म्हणजे काही दिसू नये म्हणून, समोर घड्याळासारख्या तबकड्या, पायाखाली दोन पॅडल. खाली भाते. हो, भाते, आपल्या भजनाच्या पेटीला असतात त्याच जातीचे. पंप हवा ओढतो, भाते फुगतात, बसतात, खोकं कलतं, वळतं, आणि आतल्या माणसाला वाटतं आपण पिंपळगावावरून चाललोय. बाहेर टेबलावर मोठा कागद आणि त्यावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र, आम्ही त्याला खेकडा म्हणायचो, ते आतला माणूस जिकडे वळेल तिकडे शाईची रेघ ओढत जातं. परीक्षा म्हणजे ती रेघ. सरळ आली की पास.

आणि डावा भाता गळका! म्हणजे उजवा पाय सतत दाबून धरल्याशिवाय रेघ सरळ येणारच नाही. बरं, एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं, भाता शिवला असता. आमच्या निरगुडेसाहेबांनी त्याचं शिक्षण करून टाकलं. साहेब म्हणजे मुख्य शिक्षक, मिशीला तूप लावणारे, टेबलावर रूळ आपटत ओरडायचे, “उजवा पाय दाबा, उजवा पाय. सुईकडे बघू नका, सुई खोटं बोलते, पाय खोटं बोलत नाही.” आणि सुई खरंच अडकायची हो, तिच्यात आठ वर्षांची धूळ. तर अशी आठ वर्षं पोरांना उजवा पाय शिकवला. काही जण तर सायकलवर बसले तरी तिरके चालायचे.

त्या वर्षी, एकोणऐंशी साली, सहा जण होते. जागा एक. दिल्लीहून परीक्षक येणार, ज्याची रेघ सगळ्यांत सरळ त्याला सरकारी खर्चाने खऱ्या विमानावर पाठवणार, उरलेल्यांनी घरी जायचं. त्या सहांत एक अन्सार. द्वारका चौकात पंक्चर काढणाऱ्या हबीबमियाँचा मुलगा, वीस वर्षांचा, इतका सरळ की तुम्हाला चीड यावी. सकाळी सातला शेडच्या दारात हजर. “काका, पंप लावता का?” सगळे गेले तरी हा आतच. एकशे चाळीस तास बसला तो त्या खोक्यात, मी मोजलेत, कारण पंप लावायची नोकरीच माझी. बाहेर आला की घामाने निथळलेला, उजवी मांडी थरथरतेय, आणि म्हणायचा, “काका, हे डावीकडे ओढणं नसतं ना, तर मी डोळे मिटून सरळ नेलं असतं.”

आता हे असं मला कुणी म्हणावं का? माझ्यासारख्याला? अहो, गल्लीतल्या तीन भजनी मंडळांच्या पेट्या मी दुरुस्त करतो, भाता म्हणजे माझ्या हातचा मळ. आणि तक्रार करणाऱ्यातला माणूस नाही मी. परीक्षा सोमवारी. म्हटलं, रविवारी उरकून टाकू. साहेबांना विचारायचं नाही, विचारलं की ते नोंद घेणार. अन्सारलाही सांगायचं नाही, बसला की कळेलच त्याला. कळलंच.

आमची लता म्हणाली, “अहो, कुणी सांगितलंय का तुम्हाला? नाही ना? मग गप घरी बसा, वाटाणे सोला.” बायकांना दूरदृष्टी असते हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी सायकल काढली, थेट द्वारका. हबीबमियाँला म्हटलं, ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा द्या, चांगला मऊ. “किस लिए, धोंडीरामभाऊ?” मी म्हटलं, पेटीच्या भात्याला. “भजन की पेटी? अरे ले जाव, ले जाव, ये तो सवाब का काम है.” पुण्याचं काम म्हणे! आणि स्वतः कात्रीने कापून दिला हो! स्वतःच्या हाताने!

शेड उघडली. पंप लावला, उदबत्ती पेटवली, भात्याच्या कडेकडेने फिरवली. जिथे गळती तिथे धूर आत ओढला जातो. नऊ भोकं. नऊच्या नऊ बुजवली, शिवण पक्की केली, वर हबीबमियाँची ट्यूब डकवली. मग म्हटलं आता हात लावलाच आहे तर सुईसुद्धा साफ करू. केली. मग आत बसलो, दोन्ही पाय मोकळे सोडले, वीस मिनिटं बसून बाहेर येऊन बघतो तर कागदावर रेघ अशी, की पट्टी लावून ओढावी. तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या यंत्राला नमस्कार केला.

सोमवार. परीक्षक आले, पांढरी पँट, पांढरा शर्ट, दिल्लीचा माणूस. आधी स्वतः आत बसले. बाहेर येऊन म्हणतात, “निरगुडे, मशीन तो एकदम परफेक्ट है.” साहेब मिशीवरून हात फिरवून, “रोज देखभाल असते सर.” आठ वर्षांत साहेबांनी त्या भात्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी काही बोललो का? नाही. तक्रार करणाऱ्यातला माणूस नाही मी.

पहिला आत गेला. झाकण लागलं. पंप मी लावला. आणि खेकडा निघाला... उजवीकडे. उजवीकडे, आणखी उजवीकडे, कागद संपला. नापास. दुसरा, उजवीकडे. तिसरा, उजवीकडे. तोपर्यंत डोक्यात प्रकाश पडला नव्हता हो, तेव्हा पडला! पाय! ह्यांचे पाय! झाकणाखाली सगळे जीव खाऊन उजवा पाय दाबतायत, सुई बिचारी खरं सांगतेय, आणि सुई खोटं बोलते हे तर त्यांना पाठ! आता सांगा, मी काय करायला हवं होतं? पुढे होऊन म्हणायला हवं होतं ना, की थांबा, काल मी न विचारता सरकारी यंत्र उघडलं? हवंच होतं. पण साहेबांचा रूळ माझ्या समोर, आणि नोकरीची सतरा वर्षं माझ्या मागे.

चौथाही उजवीकडे. पाचवा अन्सार. आत जाताना माझ्याकडे बघून हसला. आणि तुम्हाला सांगतो, बाकीचे नुसते उजवीकडे गेले, हा गोल फिरला! एकशे चाळीस तासांचा पाय तो! एक गोल, दुसरा गोल, तिसरा गोल, जितकं चुकतंय तितका मन लावून दाबतोय, आणि शेवटी खेकडा टेबलावरून सुटला तो परीक्षकांच्या पांढऱ्या पँटवर. शाईसकट.

झाकण उघडलं. अन्सार बाहेर आला, कागद बघितला, पँट बघितली, आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, “काका, यंत्र आज उजवीकडे ओढत होतं का हो?” परीक्षक, “क्या बोल रहा है ये?” साहेब माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, “नाही. यंत्र एकदम सरळ आहे.” खोटं बोललो का मी? सांगा ना, एक शब्द तरी खोटा होता का?

आणि सहावा जयराम. एका कंत्राटदाराचा भाचा. वर्षभरात यंत्रावर एकूण तीन तास, ते पण झाकणाखाली अंधारात झोप लागते म्हणून. आदल्या दिवशी नवा बूट घेतला होता, तो उजव्या पायाला चावत होता, म्हणून पठ्ठ्याने आत बसल्या बसल्या पॅडलवरून पायच काढून घेतला. रेघ पट्टीसारखी. परीक्षकांनी त्याची पाठ थोपटली, “नॅचरल टॅलेंट.” आज तो मोठ्ठी विमानं चालवतो. तुम्ही बसलाही असाल एखाद्यात.

संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावलं. “तू भाता शिवलास?” “हो.” साहेबांनी रूळ खाली ठेवला. “कुणाला बोलू नकोस. आठ वर्षं उजवा पाय शिकवलेली सगळी मुलं परत येतील माझ्या दारात.” बोललो नाही.

अन्सार आता एकलहऱ्याला आहे, औष्णिक वीज केंद्रात. तबकड्यांवर लक्ष ठेवतो. लोकांना सांगतो, माझाच हात कच्चा होता, धोंडीरामकाकांनी तर माझ्यासाठी किती पंप लावला. दर ईदला न चुकता बोलावतो मला. दर वर्षी मी ठरवून जातो, की आज सांगायचंच. बसतो, घसा खाकरतो, “अन्सार, एक गोष्ट आहे...” म्हणतो, तेवढ्यात त्याची आई, रेहानाबी, शीरखुर्म्याची वाटी हातात देते आणि म्हणते, “भाईजान, पहले मुँह मीठा करो, आप जैसा हमारे बच्चे के लिए किसी ने नहीं किया.” खारीक, चारोळी, दूध आटवून आटवून गुलाबी केलेलं.

सात वर्षं झाली. तुम्हाला सांगतो, शीरखुर्मा इतका उत्तम असतो ना... मी दोन वाट्या खातो.