दोन ओळी खाली

नाई, मले पानी नको, खुर्ची नको, अन् ‘सर, शांत व्हा’ तं बिलकुल नको! काहून शांत होऊ? तीन वर्षं झाले, तुमसरच्या कॉलेजात पोरायले कॉम्प्युटर शिकवता शिकवता मी ही ‘छापनी’ सांभाळून राहिलो. छापनी म्हंजे काय? तुमाले सांगतो... तुम्ही प्रोग्राम लिहा, मिलचा लिहा, शाळेचा लिहा, कोनताही लिहा, त्याले प्रिंटरशी बोलता येत नाई. तं हे बोलाचं काम करनारे तयार तुकडे मी लिहून एका फ्लॉपीवर ठेवले. याले लायब्ररी म्हनतात. आता लायब्ररी म्हटल्याबरोबर आमचे प्राचार्य काय म्हनाले, "ईश्वर सर, कपाट कुठं ठेवाचं?" जाऊ द्या! अन् हे सगळं फुकट, बरं का! आतलं लिखान सुद्धा उघडं, कोनीही वाचावं, कोनीही सुधरवावं. घ्या म्हटलं, वापरा म्हटलं, लोकायले द्या म्हटलं... चुकलंच माझं!

कारन आपले लोक कसे? धानाचं बियानं नेतात ना शेजाऱ्याकडून, तसंच या लोकायचं. पायलीभर नेलं, त्यात आपलं मिसळलं, अन् पुढच्याले देताना सांगतात, "ईश्वर सरायचंच हाये, एकदम अस्सल!" मी दुसरी आवृत्ती काढली, कोंढ्याच्या सोसायटीतले टिकारामजी अजून पहिलीवरच. मी तिसरी काढली, तं त्यायनं तिच्यात आपल्या मनानं काहीतरी खुपसलं अन् नाव काय ठेवलं? साडेतीन! अहो, साडेतीन कुठून आनली? मी तं काढली नाई! अन् त्यायची साडेतीन बंद पडली का तार कोनाले? मले! "छापनी बंद. ताबडतोब या." कायले येऊ? तुमचा अर्धा तुम्ही पाहा ना!

पन मूळ भांडन ते नाई. मूळ भांडन दोन ओळीचं.

तं तिसऱ्या आवृत्तीत एक चूक राहिली. माझीच, कबूल! पान सुरू झालं का प्रिंटर दोन ओळी सोडून द्याचा. म्हंजे जे पाचव्या ओळीत पायजे, ते सातव्या ओळीत. आता तुम्ही म्हनाल, दोन ओळीनं काय होते? काय होते? नाकाडोंगरीकडे एका खानीचा दवाखाना आहे, तिथं वच्छलाबाई नर्स. कागदावर मजुरायची नावं आधीच टाइप केलेली, समोर कोनाले कोनती गोळी ते कॉम्प्युटर छापते. तं रुखमाबाईची बीपीची गोळी छापली गेली दोन ओळी खाली, धनीरामच्या नावासमोर! धनीरामले साधा खोकला! तो बीपीची गोळी खाऊन दवाखान्याच्या पायरीवरच चक्कर येऊन पडला. त्या दिवसापासून वच्छलाबाई पट्टी ठेवून दोन ओळी खाली वाचे. मले तं जेवन जाईना. मानूस मेला असता, भाऊ! माझ्या दोन ओळीनं मेला असता!

म्हनून महिनाभर बसून चौथी आवृत्ती काढली. चूक दुरुस्त. शंभर पानं छापून पाहिली, एक ओळ इकडची तिकडे नाई. प्रत्येकाची फ्लॉपी पुठ्ठ्यात बांधली, वर चिठ्ठी लावली, एसटीच्या कंडक्टरच्या हातापाया पडून गावोगाव पाठवली. घ्या म्हटलं, वापरा म्हटलं, लोकायले द्या म्हटलं... चुकलंच माझं!

तिसऱ्या दिवशी तांदळाच्या मिलचे मुनीम श्यामराव दारात उभे, लालबुंद! "सर, तुम्ही आमचं वाटोळं केलं!" म्हटलं, काय झालं? "तुमचं छापन दोन ओळी खाली येते म्हनून आम्ही दहा हजार फॉर्मच दोन ओळी खाली छापून आनले! आता पोत्यायचा आकडा सेठच्या नावावर चढून राहिला!" म्हटलं, श्यामराव, ती चूक होती हो! "तीन महिने होती ना? मंग ती चूक कशी? ती पद्धत झाली!" ऐका! पद्धत झाली म्हने! "अन् सुधरवाले सांगितलं कोनी तुमाले?" मी म्हटलं, तिकडे मानूस मरून राहिला अन् तुमाले फॉर्मचं पडलं? नाई बदलत! चौथी म्हंजे चौथी! भर मोहल्ल्यात ओरडलो. बायको खिडकी लावून घेऊन राहिली, तरी ओरडलो!

अन् आठ दिवसानं नाकाडोंगरीहून निरोप आला. धनीराम पुन्हा पडला.

पहिली एसटी पकडली. पाहतो तं काय, धनीराम ड्युटीवर खानीतच झोपी गेलेला, चौघायनं उचलून वर आनला होता! यादीत त्याच्या खाली दोन ओळीवर श्रावन, अन् श्रावनले झोप येत नाई, म्हनून झोपेची गोळी. ती गेली धनीरामच्या पोटात! मी वच्छलाबाईवर असा तापलो, असा तापलो... म्हटलं, बाई, आता यादी बरोबर छापते, सरळ वाचाचं! तिच्या डोळ्याले पानी. "सर, मी सरळच वाचत होती. पन हा धनीराम खिडकीतून हात घालते अन् म्हनते, बाई, दोन ओळी खाली पाहा, मांगच्या वेळी सरळ वाचलं अन् मी पडलो होतो! एकटा हाच नाई, सर. सगळी लाइन ओरडते, दोन ओळी खाली, दोन ओळी खाली! ज्यायले अक्षर येत नाई, ते बोटानं मोजून दाखवतात." म्हटलं, बोर्ड लावा! "लावला ना. ते म्हनतात, बोर्ड तं काहीही सांगते."

मंग खाटेवरून धनीराम उठला. गरीब मानूस, हात जोडले त्यानं मले. "सर, तुम्ही शिकलेले, पन एक सांगू? पहिले चांगलं चालू होतं. कायले हात लावला?"

त्याचाच जीव वाचवाले निघालो होतो मी!

तं पाचवी आवृत्ती निघाली. दोन ओळी पुन्हा खाली. मिलचे फॉर्म जमले, लाइन शांत झाली, धनीरामले खोकल्याचीच गोळी मिळून राहिली, ठनठनीत आहे. अन् आता टिकारामजी कोंढ्याहून तार करते, "पाचवीत दोन ओळीची चूक सापडली, सुधरवून सगळ्यायले पाठवतो." म्हनून तं कोंढ्याची एसटी पकडाले धावत चाललो ना मी! सोडा माझा हात... त्या मानसाले कोनीतरी अडवा हो, नाहीतर धनीराम मरते!