उजव्या हाताचं ताट

मंडळी, सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. सुरुवातीलाच एक प्रश्न. आपला धर्म शरीरात नेमका कुठे राहतो? जिभेवर? मग पोपट सगळ्यांत धार्मिक. काळजात? असेल – पण उघडून पाहिलंय कुणी? उत्तर मी देत नाही. एका पोराची गोष्ट सांगतो, उत्तर तुम्ही काढा.

हात तुझे देवा, हात माझे व्हावे।
उष्टे उचलावे, आनंदाने॥

पोराचं नाव आशेर वाघचौरे, गाव बोरमाळ. रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचं म्हणून शहरातल्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात गेला. आई म्हणाली, "बाबा, प्रयोगशाळेत चांगली नोकरी लागली असती." हा म्हणतो, "आई, मला मोठा प्रयोग करायचाय." आता या पोराला काय म्हणावं?

कॉलेजात सफाई कामगारांच्या मोर्च्याला हा कायम पुढे. बॅनरचं एक टोक याच्याच हातात. एका दुपारी सगळी पोरं मोर्च्याहून आली, मेसमध्ये जेवली, आणि उष्टी ताटं टेबलावर तशीच टाकून न्यायावर वाद घालत निघाली. दारात प्राचार्य उभे! रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता ही ताटं ताराबाई घासणार. तिचा मोर्चा कधी काढताय?"

त्या दिवसापासून कॉलेजात नवा नियम. स्वतःचं ताट घासायचं नाही. उजव्या हाताला जो बसला असेल, त्याचं घासायचं. दुसऱ्याचं उष्टं हातात घेताना पहिले काही दिवस आशेरचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं. पण सवय लागली. पुढे तर गप्पांच्या नादात जेवण संपलं तरी हात आपोआप उजवीकडे जायचा.

नाताळची सुट्टी लागली. आशेरनं डफ घेतला, मित्र घेतले, आणि एसटीनं गावोगाव हिंडला. गाणी म्हणायची, करंज्या खायच्या, पुढचं गाव गाठायचं. शेवटी एकटाच बोरमाळला उतरला.

तिथल्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे मुख्य पंच, सिलासराव भिंगारदिवे. पांढरा फेटा, आवाज देवळाच्या घंटेसारखा. शेवटच्या वर्षाला जायचं तर यांची शिफारस हवी. त्यांनी पोराला ओसरीवर बसवलं.

"आशेर, मोर्च्यात असतोस म्हणे."

"होय, वडील."

"शहरात काय ते कर. उद्याच्या प्रीतिभोजनात समतेचं भाषण नको. गप्प राहिलास तर शिफारस. तोंड उघडलंस तर घरी बसून डफ वाजव."

वडिलांना भीती कशाची? ऐका. प्रीतिभोजन म्हणजे नाताळची सगळ्या चर्चची एकत्र पंगत. तिथे भांडी घासायला खालच्या आळीच्या बाया. सगळे उठले की उरलंसुरलं त्यांनी खायचं. बाप्तिस्मा एक, प्रभू एक – पंगत मात्र वेगळी! आशेरला हे लहानपणापासून दिसत होतं. पण आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. म्हणाला, "गप्प राहीन." आणि जीव खट्टू झाला.

भोजनाला पंगत बसली. कडेला वडील, त्यांच्या डाव्या हाताला आशेर. तूप सोडलेला शिरा, झणझणीत रस्सा. पोरगं मान खाली घालून जेवतंय, शब्द नाही. जेवण संपलं – आणि मंडळी, काय झालं असेल?

हात उजवीकडे गेला! वडिलांचं ताट उचललं आणि निघाला मागच्या दाराला. तिथे राखेपाशी सगुणाबाई भांडी घासत होत्या.

"आशेर, कुणाचं रे ताट?"

"वडिलांचं, मावशी."

"मेलास."

आशेरनं राख घेऊन ताट घासायला घेतलं, तोवर मागोमाग वडील आलेच. त्यांच्या मागे अर्धी पंगत.

"गप्प राहायचं ठरलं होतं ना?"

"वडील, मी कुठे बोललो?"

कुणीतरी फिसकन हसलं. आशेर घाबरला. कॉलेजचा नियम सांगितला, म्हणाला, "हाताला सवय लागलीय. चूक झाली."

वडील म्हणाले, "असं? मग मी कुणाचं घासायचं? माझ्या उजव्या हाताला कुणीच नव्हतं."

वाटलं, पोराला गप्प केलं. तोच सगुणाबाई उठल्या, पदराला हात पुसले. "ती जागा आमची, वडील. दर वर्षी रिकामी असते. आज बसू का?"

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तो पाठ दर वर्षी वडीलच वाचायचे, खणखणीत आवाजात. आज ते पोराच्या राखाडी हातांकडे बघत राहिले. मग फेटा काढून आशेरच्या डोक्यावर ठेवला, बाह्या वर केल्या.

"बसा, सगुणाबाई. शिरा गार होतोय."

सगुणाबाई बसल्या. आणि मंडळी, सावकाश जेवल्या! शिरा दोनदा मागून घेतला. वाढायला वडील. मग वडिलांनी ते ताट उचललं, नुसतं पाणी ओतून बोटं फिरवू लागले. तूप कुठलं निघतंय?

"वडील, राख घ्या. राखेतला क्षार आणि हे तूप, दोन्ही मिळून थोडा साबणच होतो."

"म्हणजे घाणच घाण काढते?"

"चोळली तर."

"हे उद्या उपासनेत सांग."

"मला गप्प राहायचंय, वडील."

"गाढवा, शिफारस दिली तुला. आता बोल की!"

अख्खी पंगत हसली. सगुणाबाई सगळ्यांत मोठ्यानं.

तर मंडळी, प्रश्न आठवतोय ना? धर्म कुठे राहतो? उत्तर मला नको, मनात ठेवा. आज आपल्याकडेही भोजन आहे. बसण्याआधी उजव्या हाताला बघा. जागा रिकामी असेल तर घास घेऊ नका. आत चुलीपाशी कोण राहिलंय, त्यांना हाक मारा.

राख मागच्या दाराशी ठेवली आहे. चला, पानं वाढा.