पास्कूला द्यायचं उत्तर

खोताच्या वाडीतला माझा मित्र पास्कू आठवतो ना? चाळीस वर्षं रोज संध्याकाळी कॅरम आटपला की म्हणायचा, "पाक्स तेकुम." लहानपणी चर्चमध्ये शिकलेलं लॅटिन. मी म्हणायचो, "बरं बरं, जेवून घे." तो हसायचा.

शेवटच्या दिवशी खाटेवरून तेच म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "बरं बरं, झोप आता."

दफनाच्या वेळी त्याच्या बहिणीला अर्थ विचारला. ती म्हणाली, "तुला शांती लाभो. त्यावर 'तुझ्या आत्म्यालाही' म्हणायचं असतं, भाऊ. तुम्ही काय म्हणायचात?"

"जेवून घे."

आता उत्तर पाठ आहे. रोज संध्याकाळी त्याच्या बंद दाराशी जाऊन उभा राहतो. पण आधी त्याने म्हणायला हवं ना.