फोडलेले उंबरे

— सगळे, मिस्त्री. जेवढे फोडून नेलेत तेवढे सगळे परत बसवायचे. बसा आधी. तिथे नको, ती यांची खाट आहे — भिंतीकडे खुर्ची असेल बघा. हां, कुरकुरली, म्हणजे बसलात. आणि मान हलवून उत्तरं देऊ नका मला, मागच्या वेळेलाही तुम्ही तेच करत होता, मी आपली बोलतेय भिंतीशी. डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. साखरेनं नेले. हळूहळू नेले, म्हणून तेवढं लागलं नाही — अंधार पडताना माणूस घरातच असला की सवय होते. तसंच. घर माहीत होतं ना मला. पाय दगडी उंबऱ्याला अडला की स्वयंपाकघर. लाकडाचा उंबरा अडला की बाहेरची खोली. पुढे साखरेनं तळपायही बधिर केले, गार-गरम कळेना, खरबरीत-गुळगुळीत कळेना, पण पाय अडलेला कळतो हो. तो गुडघ्याला कळतो. तेवढ्यावर मी सगळं घर चालवलं. पाहुणे यायचे, चहा पिऊन जायचे आणि दाराबाहेर एकमेकांना विचारायचे, हिला खरंच दिसत नाही का? मला ऐकू यायचं.

नाही, तुमची काही चूक नाही. मुलानं सांगितलं तसं तुम्ही केलंत, आणि छान केलंत. यांना पहिला झटका आला, उजवी बाजू गेली, चाकांची खुर्ची आली — मग दारं रुंद नकोत? नकोत कशी! मीच म्हटलं मुलाला, काय फोडायचं ते फोड, पण यांना खाटेवर झिजवू नकोस. तुम्ही उंबरे काढलेत, संडासात दांड्या लावल्यात, ओटा खाली घेतलात. त्या दिवशी हे या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट गेले. आयुष्यभर बस चालवली माणसानं, सुटतोय होय! वळणावर तोंडानं हॉर्न द्यायचे — पों पों! मी बाजूला. पों पों! मी भिंतीला. "बाई, गाडी बघून चाला," म्हणायचे मला. मला! आणि हसायचे. एकदा त्या खालच्या ओट्यावर स्वतः चहा केला, एका हातानं. साखर जास्त झाली होती. प्यायले मी. डॉक्टरला सांगितलं नाही.

म्हणजे तेव्हासुद्धा मी घरात वाट चुकतच होते, खोटं कशाला बोलू. पाय अडायला काही नाही — सगळीकडे सारखंच. उठायचं आणि कुठे आलो ते कळायचं नाही, मैदानात सोडल्यासारखं. पण यांना विचारायचं, मी कुठाय? हे सांगायचे, संडासाच्या दारात, डावीकडे वळ. त्यांचे पाय माझे नव्हते, पण त्यांचे डोळे होते ना. चाललं असतं आमचं. चाललं असतं हो. मग दुसरा झटका आला आणि वाचा गेली.

काय म्हणालात? खुर्चीला घंटी? लावली होती. मुलानं चाकाला बांधली होती घंटी. वाजायची. पण तुम्ही बघा ना, खोल्यांमध्ये काही आडवंच राहिलं नाही, आवाज सगळीकडून यायचा, कुठून येतोय ते कळायचं नाही. मी आपली आहे तिथे थिजून उभी. मग ते थांबायचे. मी निघाले की ते निघायचे. दोघंही "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत — हसू नका — खरं म्हणजे हसा, मीही हसायचे. आणि मग एके सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर येत होते. त्यांनी मला येताना पाहिलं आणि मला वाट द्यायला थांबले. दारातच थांबले. थांबलेल्या खुर्चीची घंटी कशी वाजणार, सांगा? त्यांच्या पायांवरून पडले मी. मनगट मोडलं, हे बघा, अजून सरळ होत नाही. मनगटाचं काही नाही. मी खाली पडलेली आणि ते वर बसलेले. त्यांना वाकता येईना, हाक मारता येईना. डाव्या हातानं माझे केस चाचपत होते आणि तोंडानं नुसतं — प... प... हॉर्न द्यायला बघत होते हो. आता. पडल्यानंतर. दूधवाली येईपर्यंत आम्ही तसेच.

तेव्हापासून घरात ते खाटेवरून उतरायलाच तयार नाहीत. माझ्या अंगावर येऊ नये म्हणून. आणि मी माझ्या खाटेवर, त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून. एवढाली दारं केलीत तुम्ही, हत्ती जाईल, आणि आम्ही दोघं दोन खाटांवर बसून. मुलगा येतो, सून येते, सगळं हातात देतात. ऊन आलं की मी विचारते, तुमच्या पायांवर आलं का? ते खाटेवर बोटानं टक करतात. मग बऱ्याच वेळानं माझ्या पायांवर येतं. म्हणजे येत असेल. मला कळत नाही, मी आपली म्हणते, आलं हो.

खरबरीत फरशी? अहो, आत्ताच सांगितलं ना, तळपाय बधिर आहेत. उंबऱ्याच्या जागी फळी? काढता-घालता येणारी? आणली होती मुलानं. सरकली. जे सरकतं त्यावर मी पाय कसा टाकू? नाही, मिस्त्री, मी खूप डोकं चालवलंय, माझ्याकडे दुसरं काम काय होतं! त्यांना सपाट घर पाहिजे आणि मला अडणारं. एका घरात दोन्ही होत नाही.

म्हणून ते जातायत. रविवारी. शहराबाहेर एक जागा आहे, उचलायला-बसवायला माणसं असतात, डॉक्टर असतो. दोघांना ठेवा म्हटलं — नाही, डोळ्यांनी अधू बाईची जबाबदारी घेत नाहीत ते. मी दुसरीकडे कुठेतरी जाते, हे राहू देत म्हटलं, तर यांना उचलणार कोण? मुलाची पाठ आधीच धरलीय. माझ्यासाठी दिवसा एक बाई ठेवली की झालं. बाई आणि उंबरे. अगदी सरळ हिशेब आहे. मुलगा सांगताना रडला, मी नाही रडले. यांना कसं सांगितलं? मीच सांगितलं. वाचा गेल्यापासून आमचं ठरलंय — हात धरायचा, एकदा दाबला तर नाही, दोनदा दाबला तर हो. डबल बेल. कंडक्टरनं दोनदा वाजवली की गाडी निघायची ना, तसं. मी म्हटलं, असं असं आहे, जाल का? दोनदा दाबला. मला वाटलं, ऐकू नीट गेलं नसेल. कानाशी जाऊन परत विचारलं. परत दोनदा. लगेच. जरा तरी थांबायचं होतं माणसानं.

हो, कळलं मला तुम्ही का थांबलात. मापाच्या टेपचा आवाज बंद झाला. तुमच्याही लक्षात आलं ना? उंबरे बसले की खुर्ची आत येणार नाही. मुलगा म्हणतो, मधूनमधून आणू त्यांना घरी. कसा आणशील रे? उचलून? एवढा धिप्पाड माणूस? मी काही बोलले नाही त्याला. त्याला म्हणू दे. आणि यांना जायचं माहीत आहे, उंबऱ्यांचं माहीत नाही. ते समजतायत, घर आहे तसं आहे, कधीही यावं. म्हणून तर मुलगा त्यांना दवाखान्यात व्यायामाला घेऊन गेलेला असताना तुम्हाला बोलावलं.

घ्या ना माप. घ्या, मी काही म्हणत नाही. स्वयंपाकघराचा चांगला उंच करा. न्हाणीघराचाही. हा — या खोलीचा — हा राहू दे. राहू दे म्हटलं ना! एक सपाट राहिला तर तुमचं काय बिघडतं? बाहेरचा बसल्यावर याचा उपयोग नाही, तेवढं मलाही कळतं हो, मी आंधळी आहे, खुळी नाही. ... बरं, बसवा. हाही बसवा. मी उद्या याच खोलीत चुकणार आहे, दुसरीकडे कुठे नाही.

थांबा — गाडी आली. दार लागलं. मुलगा खुर्ची उघडतोय. टेप खिशात घाला, मिस्त्री. पेन्सिलीच्या खुणा केल्यात का फरशीवर? पुसा. पायानं पुसा! नळ गळतोय म्हणून आला होता तुम्ही, कळलं? काही बोलू नका त्यांच्याशी, त्यांचे डोळे फार चांगले आहेत. मागच्या दारानं जा. सोमवारी या. जा ना आता —

आलात? काही नाही, नळवाला होता.