शिट्ट्या मोजणारं यंत्र

बोरीवलीच्या त्या शाळेत मला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावतील असं वाटत नाही. नववीच्या मुलांना उद्योजकता शिकवतात तिथे. गार्गी नावाच्या मुलीने कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र बनवलं होतं. शेजारच्या काकूंना वापरायला दिलं, तर त्यांनी आठवड्यात परत केलं. हे तिने सरळ सांगितलं, तसे शिकवणारे सर म्हणाले, "असं पालकांसमोर चालणार नाही. तुझं नाव अंतिम फेरीतून काढतो."

माझं डोकं फिरलं. "का हो? बाकीच्यांनी नुसती चित्रं दाखवली. गिऱ्हाइकाकडे गेली ती हीच ना?"

"पण वस्तू नापास झाली, साहेब."

"का झाली, ते विचारलंत तिला?"

गार्गी म्हणाली, "काकू म्हणाल्या, रिटायर झाल्यापासून काका घरात तेवढं एकच काम करतात. तेही यंत्राला दिलं तर मी यांचं काय करू?"

सरांनाही हसू आवरेना. नाव राहिलं.

मी विचारलं, "मग आता काय बनवणार?"

"यंत्र बंद केलं, सर. काकांसाठी काम शोधतेय. आमच्या विंगमधल्या बाकीच्या काकूही थांबल्यात त्यासाठी."